सोळाशेची वेळ अडकली असेल तर आधी हळू पळायला शिक

विचारणाऱ्याची हकीकत थोडक्यात अशी. वय १९, पोलीस भरतीची तयारी. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर मोजलेलं १६०० मीटर अंतर जीव तोडून पळतो, रविवारही सोडत नाही. सुरुवातीच्या दोन महिन्यांत वेळ ६:४० वरून ५:४८ वर आली आणि मग सहा महिने तिथून हलायला तयार नाही. उजवी नडगी दुखते. धाकटी बहीण ८०० मीटरची तयारी करते, तिला पहिल्या फेरीतच दम लागतो. मित्र म्हणतात, प्रथिनांची (प्रोटीन) पावडर सुरू कर. मोठमोठे कोच आणि खेळाडू अशा वेळी काय करतात?

मी मध्यम पल्ल्याच्या धावपटूंना शिकवतो. भरतीची पोरं-पोरी मैदानावर येतातच, त्यामुळे हे गाऱ्हाणं मला नवीन नाही. दहातल्या आठ जणांचं हेच असतं. तू रोज परीक्षा देतोयस. अभ्यासाला दिवस ठेवलेलाच नाहीस.

आधी हिशेब मांडू. ५:४८ म्हणजे ४०० मीटरची फेरी ८७ सेकंदांत. पूर्ण २० गुणांसाठी ५:१० लागतात, म्हणजे फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. फेरीमागे साडेनऊ सेकंद कमी करायचे आहेत. हे जोर लावून होणार नाही, कारण जोर तू आधीच लावतोयस. पहिल्या दोन महिन्यांत वेळ उतरली ती तू अजिबात न पळणारा होतास म्हणून. नवख्या माणसाला कसंही पळवलं तरी तो सुधारतो, आणि तिथेच गैरसमज होतो की याच पद्धतीने पुढेही सुधारत जाऊ.

सोळाशे मीटर पळायला पाच-सहा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात लागणाऱ्या शक्तीतला साधारण चार पंचमांश भाग शरीर ऑक्सिजनच्या मदतीने तयार करतं. उरलेला एक पंचमांश म्हणजे शेवटच्या फेरीत मांड्या पेटतात ना, तो. तू रोज त्या एक पंचमांशाची मशागत करतोस आणि मोठा हिस्सा पडीक ठेवतोस. विहिरीला पाणीच नसेल तर मोटर पाचाची काढून साडेसातची बसवून काय होणार? पाच मिनिटं जास्त उपसा होईल, मग तळ लागेल.

ही विहीर कशी खोल करायची ते जगाला ज्याने नीट दाखवून दिलं तो माणूस बुटांच्या कारखान्यात काम करायचा. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड. क्रीडाशास्त्राची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. त्याने कित्येक वर्षं स्वतःवरच प्रयोग केले. आठवड्याला किती पळालं की अंगाला लागतं आणि किती पळालं की माणूस मोडतो, हे तो स्वतः पळून बघत गेला. ऑकलंडमधली आसपासची पोरं त्याच्याकडे पळायला यायला लागली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये २ सप्टेंबरच्या एकाच दुपारी त्यातल्या दोघांनी सुवर्णपदकं घेतली : पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गने ५००० मीटरचं. काही दिवसांनी तिसरा, बॅरी मॅगी, मॅरेथॉनमध्ये कांस्य घेऊन आला.

यात ८०० मीटरवाला स्नेल सर्वांत महत्त्वाचा. शर्यत पावणेदोन मिनिटांची, आणि हा पठ्ठ्या सरावाला वायाटारुआच्या डोंगराला वळसा घालून २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर पळायचा. त्या काळी लोकांना हा वेडेपणा वाटला. पण लिडियार्डचा क्रम पक्का होता : आधी काही महिने नुसतं लांब आणि बेताने पळणं, मग चढावरची कामं, मग ट्रॅकवरचा वेग, आणि सर्वांत शेवटी शर्यती. स्नेल निवृत्तीनंतर अमेरिकेत जाऊन शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट झाला आणि आपल्याच पायांत काय घडत होतं ते त्याने नंतर समजावून सांगितलं. लांब धावेत चिवट, हळू चालणाऱ्या स्नायूतंतूंचा साठा संपत आला की वेगवान तंतूंनाही कामाला लागावं लागतं, आणि तेही दमाचं काम शिकतात.

आता लिडियार्डचं नाव घेऊन कुणी तुला आठवड्याला १६० किलोमीटर पळायला लावलं तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस. तो आकडा वर्षानुवर्षं मुरलेल्या पायांचा होता. आपल्याला क्रम घ्यायचा आहे, आकडा नाही.

आपल्याकडचीच उदाहरणं बघ. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळा सहा किलोमीटरवर, एसटी नाही, म्हणून कधी चालत, कधी पळत. हातात घड्याळ धरून कुणी उभं नव्हतं. बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहून आला, २०१५ मध्ये क्रॉसकंट्रीला, म्हणजे माळरानावरच्या लांब शर्यतींना, लागला आणि त्यानंतर कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळवलं. म्हणजे ३००० मीटरच्या अडथळ्यांपर्यंत पोचायच्या आधी पायांखालून किती अंतर गेलं होतं! २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० पळून त्याने गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ८:११.२० आणि राष्ट्रकुलचं रौप्य. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८:०९.९१. सुमारे २० सेकंद उतरवायला जवळपास सहा वर्षं लागली, आणि मधे राष्ट्रीय विक्रम तो पुन्हा पुन्हा, थोडा थोडा मोडत राहिला.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी लांब पल्ल्याची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ओळीने तीनदा पहिली, आणि मग स्टीपलचेसला आली. २०१५ ला वुहानमध्ये आशियाई विजेती, २०१६ ला रिओत प्राथमिक फेरीत ९:१९.७६ पळून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत. लिडियार्डच्या पोरांनी जे केलं त्याच दिशेची ही वाट : लांबकडून आखूडकडे. तू आखूडपासून सुरुवात केलीस आणि तिथेच गोल गोल फिरतोयस.

तर मग हळू म्हणजे किती हळू? तुझ्या आजच्या वेळेवरून सांगतो : किलोमीटरला सहा ते साडेसहा मिनिटं. हो, एवढं हळू. नाक मुरडण्याआधी हे ऐक. केनियाचा एलिउड किपचोगे मॅरेथॉनमध्ये किलोमीटरला सरासरी २ मिनिटं ५२ सेकंद या गतीने २:०१:०९ पळाला, २०२२ मध्ये बर्लिनला. तोच माणूस सरावातल्या हलक्या दिवशी सुरुवात किलोमीटरला पाच मिनिटांच्या पुढच्या गतीने करतो. आठवड्यात तीनच दिवस कामाचे, मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि त्या दिवशीही तो शंभर टक्के ओतत नाही, ऐंशीच्या आसपास थांबतो, असं त्याने स्वतः सांगितलंय. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी रोइंग, स्कीइंग, सायकल, धावणं अशा दमाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा हेच दिसलं : साधारण ऐंशी टक्के सत्रं हलकी, उरलेली खरोखर कडक. मधल्या अर्धवट जोरात ही मंडळी फारसा वेळ घालवत नाहीत. आपली पोरं मात्र वर्षभर त्या मधल्या पट्ट्यातच असतात. हलकं म्हणावं तर धाप लागते, कडक म्हणावं तर वेग नसतो.

हलक्या धावेची खूण सोपी आहे. पळता पळता घरून फोन आला तर आईला कळता कामा नये की तू पळतोयस. पूर्ण वाक्य, न तुटता बोलता आलं पाहिजे. तुटलं की गती जास्त. सुरुवातीला चढ लागला की चालावंही लागेल. चाल, काही बिघडत नाही. खरा त्रास वेगळाच असतो. गावातली पोरं बाजूने सुसाट जातील आणि ‘काय रे, दमलास काय?’ म्हणतील. माझ्या मते हलक्या दिवसाचा निम्मा सराव पायांचा नसतो, हे टोमणे पचवण्याचा असतो. उपाय म्हणून बहिणीला सोबत घे. तिच्या गतीने पळ. तुझी गती आपोआप बसेल आणि अंधारात तिला एकटीला जावं लागणार नाही, हा वेगळा फायदा.

या हळू पळण्याने आत काय होतं? हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त फेकायला लागतं. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, संख्येने आणि ताकदीने वाढतात. हे सगळं आठवड्यांच्या मापाने घडतं, दिवसांच्या नाही, आणि रोज शरीर पिळून काढलं तर अडतं. म्हणून पहिले सहा आठवडे स्टॉपवॉच घरी ठेवलंस तरी चालेल. मिनिटं मोज, किलोमीटर नको.

आता नडगी. आधी सांगायला हवं होतं खरं तर, कारण ती बरी नसेल तर पुढचं सगळं कागदावर राहील. खुर्चीत बस, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर आडवा ठेव आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने घोट्यापासून वर दाबत ये. तळहाताएवढ्या लांबीत सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल, पळायला लागल्यावर कमी होत असेल, तर ते हाडाच्या कडेला आलेल्या ताणाचं दुखणं. सराव कमी करून, जमीन बदलून ते आटोक्यात येतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा गेल्यावर कळ येत असेल, त्या एका पायावर उडी मारल्यावर तिथेच चमक निघत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग एक दिवसही पळायचं नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. एक लक्षात ठेव : अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे साफ आला म्हणून लगेच मैदानात उतरून महिन्याभराचं दुखणं तीन-चार महिन्यांवर नेलेली पोरं मी पाहिली आहेत. दुखणं तसंच असेल तर डॉक्टरांना पुन्हा विचार, ते दोन-तीन आठवड्यांनी परत एक्स-रे किंवा एमआरआय सांगतील.

एकच पाय दुखत असला की मी पहिलं विचारतो, रस्त्याच्या कुठल्या कडेने पळतोस? डांबरी रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. रोज एकाच कडेने पळालं की दोन पाय दोन वेगवेगळ्या उंचीवर पडतात. शाळेचं मैदान, कॅनॉलकडेचा मातीचा रस्ता, माळ, काहीही चालेल, पण आठवड्यातले बहुतेक दिवस डांबर टाळ. बुटाचा तळ एका बाजूने झिजला असेल तर बूट बदल. महागातले, तळात कार्बनची पट्टी असलेले बूट घेऊ नकोस, ते तुझं काम करणार नाहीत. आणि पोटऱ्या मजबूत कर. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, एका पायावर, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. सलग २५ निघेपर्यंत एक दिवसाआड करत राहा. आज बहुधा बारा-तेराला पाय थरथरेल. पळणं बंद ठेवावं लागलं तर सायकल चालव. चांगलं पोहता येत असेल तर खोल पाण्यात कमरेला तरंगायला रिकामा, घट्ट बंद डबा बांधून पळण्याची हालचाल कर, पण काठावर कुणीतरी उभं हवंच. दम टिकून राहतो आणि हाडावर भार येत नाही.

विश्रांतीला आपल्याकडे आळस समजतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात बिल बोवरमन नावाचे कोच होते. नायकीचे एक संस्थापक म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण कोच म्हणून त्यांचं मोठं देणं म्हणजे एक दिवस कडक, एक दिवस हलका ही पद्धत. त्यांचा एक विद्यार्थी केनी मूर भयंकर मेहनती. हलक्या दिवशीही गुपचूप जास्तीचं पळायचा आणि सारखा थकलेला असायचा. बोवरमननी त्याला दटावलं : तीन आठवडे मी सांगतो तेवढंच, त्यापलीकडे एक पाऊल पळालास तर संघात जागा नाही. मूर चडफडला, पण थांबला. त्या तीन आठवड्यांनंतर दोन मैलांच्या शर्यतीत त्याची वेळ २७ सेकंदांनी उतरली. पुढे हाच मूर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला चौथा आला.

दुसरी गोष्ट रॉजर बॅनिस्टरची. मैल चार मिनिटांच्या आत पळणारा पहिला माणूस. मैल म्हणजे १६०९ मीटर, तुझ्या सोळाशेहून फक्त नऊ मीटर जास्त, त्यामुळे याची गोष्ट तुला सर्वांत जवळची. १९५४ च्या वसंतात तो ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं थांबून, पळायचा. फेरी ६१ सेकंदांवर अडकली ती अडकलीच. मग तो ख्रिस ब्रॅशर या मित्राबरोबर स्कॉटलंडला कडे चढायला निघून गेला. काही दिवस पळणं बंद. परत आल्यावर फेऱ्या ५९ मध्ये निघाल्या. मुख्य दिवसाआधीचे पाच दिवसही त्याने पूर्ण विश्रांती घेतली. तू शेवटचा सलग दोन दिवस कधी पळाला नाहीस?

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. नडगी साध्या ताणाची आहे असं धरून सांगतोय. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस, २५ ते ३० मिनिटं, मातीवर, बोलता येईल अशा गतीने. मग पाच दिवस कर आणि रविवारची धाव हळूहळू ५० मिनिटं ते एक तासापर्यंत ने. एक दिवस पूर्ण सुट्टी, ती कधीच मोडायची नाही. दर तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात थोडं कमी कर. नडगी शांत असेल तर चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून मंगळवारी चढ. फार मोठा घाट नको, मैदानाशेजारची साठ-सत्तर मीटरची चढण पुरे. ८ ते १० सेकंद जोरात वर, चालत खाली, पूर्ण श्वास बसल्यावर पुन्हा, सहा ते आठ वेळा. याने पायात ताकद येते, हाडाला धक्का कमी बसतो आणि तुझ्या १०० मीटरच्या गुणांचंही काम होतं. शुक्रवारी मधे २० मिनिटं थोडी नेटाची धाव, किलोमीटरला साडेचार मिनिटांच्या आसपास. दोन-चार शब्द बोलता येतील पण गप्पा मारता येणार नाहीत, अशी. बाकी सगळे दिवस हलके.

दोन-अडीच महिन्यांनी वेगाचं काम सुरू. ५:१० च्या गतीने २०० मीटर ३९ सेकंदांत होतात. तर २०० च्या आठ फेऱ्या ३९ मध्ये, मधे २०० मीटर चालत-रमत. पहिल्यांदा तुला वाटेल हे फारच सोपं आहे आणि तू ३४ मध्ये पळायला जाशील. तेच नको आहे. ही गती पायांना पाठ व्हायला हवी, इतकी की घड्याळ न बघता ३९ निघावेत. तीन आठवडे हे झालं की ४०० च्या पाच फेऱ्या ७७-७८ मध्ये, मधे तीन मिनिटं. पुढे ८०० मीटर २:३५ मध्ये, तीन-चार मिनिटं थांबून ४०० च्या दोन. नियम एकच : शेवटची फेरी पहिल्याइतकीच किंवा किंचित जलद आली पाहिजे. दोन सेकंदांनी मागे पडलास की त्या दिवसापुरतं बंद, बूट काढ आणि घरी जा. उलटी होईपर्यंत पळवणं म्हणजे कडक सराव, असं मानणाऱ्या अकॅडम्या आहेत. फी भरून उलट्या काढायला जाऊ नये एवढंच म्हणेन.

पूर्ण सोळाशेची चाचणी चार आठवड्यांतून एकदाच. पहिल्या चाचणीत वेळ तशीच राहिली, अगदी पाच-सात सेकंदांनी वाढली, तरी घाबरून जुन्या वाटेला जाऊ नकोस. वेगाचं काम सुरू झाल्यावर ती उतरायला लागते. पाच-सहा महिन्यांत ३८ सेकंद हे १९ वर्षांच्या निरोगी पोरासाठी अशक्य नाही, पण छातीठोक वचन देणारा कोच भेटला तर सावध राहा.

झोपेचं बघ. रात्री बारापर्यंत लेखीचा अभ्यास आणि पहाटे चारला ग्राउंड, हे गणित बसत नाही. स्टॅनफर्डला बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, तर त्यांचे स्प्रिंट जलद झाले आणि बास्केटवरचे नेमही सुधारले. तुला दहा जमणार नाहीत, आठ तरी घे. संध्याकाळी पळालास तरी काही बिघडत नाही, फक्त भरती सकाळी असते म्हणून शेवटच्या महिन्यात सकाळची सवय हवी.

बहिणीला पहिल्या फेरीत दम लागतो त्याला ती कमकुवत आहे असं लगेच म्हणू नकोस. आधी रक्त तपासा. आपल्याकडे मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की मी मुलींना सराव सुरू करण्याआधीच हिमोग्लोबिन बघायला पाठवतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते होतं. शक्य झालं तर सोबत फेरिटिनही करा, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. कमी निघालं तर गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. जेवणाला लागून चहा बंद, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. अळीव, पालेभाजी, कडधान्यं, वर लिंबू, चालत असेल तर अंडी-मटण. आणि पाळी लांबली किंवा बंद झाली तर ‘सराव चांगला चाललाय’ असं समजू नका. खाणं कमी पडतंय याची ती खूण असते, आणि पुढे तीच हाडांवर निघते. तिने याबद्दल आईशी मोकळेपणाने बोलावं, गरज पडली तर डॉक्टरांशी. तिच्या सरावाचा क्रम तुझ्यासारखाच, मिनिटं थोडी कमी.

पावडरीचं उत्तर : नको. भाकरी, डाळ-उसळ, दूध, शेंगदाणे-गूळ, अंडी यांतून तुझी प्रथिनं भागतात. लेबल नसलेल्या डब्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ‘भरतीपुरतं इंजेक्शन’ देणारे तर मैदानाबाहेर उभेच असतात. त्यांच्याशी बोलतही थांबू नकोस. हृदय आणि यकृत एकदाच मिळतं.

शेवटी पळण्याच्या दिवसाचं. त्या १९५४ च्या ६ मेला ऑक्सफर्डच्या ट्रॅकवर बॅनिस्टरच्या पुढे ब्रॅशर गती धरून पळत होता. विश्रांतीने पाय इतके मोकळे झाले होते की बॅनिस्टरला वाटलं आपण रेंगाळतोय आणि तो मागून ‘फास्टर’ म्हणून ओरडला. ब्रॅशरने दाद दिली नाही, आपली गती सोडली नाही. पहिली फेरी ५७.५ सेकंदांत, अर्धं अंतर १:५८ मध्ये, मग ख्रिस चॅटवे पुढे आला, आणि शेवट ३:५९.४. ब्रॅशर त्या ओरडण्याला बळी पडला असता तर काय झालं असतं ते भरतीच्या मैदानावर दर बॅचला दिसतं. शिट्टी वाजते, पन्नास पोरं पहिल्या दोनशेला शंभर मीटरची शर्यत असल्यासारखी सुटतात, पहिली फेरी ६८-७० ला जाते आणि तिसरीत सगळा जथा चालायला लागतो.

तुझ्या फेऱ्या ७७, ७८, ७८, ७७. ट्रॅक ४०० चाच असेल असं नाही, आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर जाऊन एक फेरी किती मीटरची आहे ते विचार आणि त्याप्रमाणे हिशेब करून ठेव. आधीच्या दहा दिवसांत सराव निम्म्यावर आण, शेवटचे दोन दिवस नुसतं चालणं. नंबर कधी लागेल सांगता येत नाही, कधी दोन-तीन तास उन्हात बसवून ठेवतात. म्हणून पाणी, थोडं मीठ-साखर आणि दोन केळी जवळ ठेव, सावली शोध आणि बोलावणं जवळ आलं की दहा मिनिटं अंग गरम कर. पळताना गरगरलं, अंगावर काटा आला, घाम थांबला तर थांबायचं. गुण पुढच्या भरतीतही मिळतात. सुटताना गर्दीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहा. धक्काबुक्कीत पाय मुरगळण्यापेक्षा दोन-चार मीटर जास्त पळणं परवडतं. पहिल्या फेरीत वीस-पंचवीस जण पुढे दिसतील, दिसू देत. दुसरीत त्यांना गाठायला लागशील. तिसरी सर्वांत कंटाळवाणी असते, तिथेच वेळ गळते, म्हणून तिसऱ्या फेरीत पुढच्या एकाच्या पाठीवरचा नंबर धरून ठेव आणि हात जरा जास्त हलव. शेवटचे ३०० राहिले की मोकळा सुट.